घाई कोणाला आहे ते बघ

अगं, मेसेज वाचला तुझा. तुझ्या मागे लागलेल्या त्या मुलाने तुला मार्वेलच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या इंग्रज कवीच्या, ओळी पाठवल्या, काळाचा पंखवाला रथ मागून येतोय वगैरे, आणि तू मला विचारतेस की मॅडम, मी खरंच वेळ घालवतेय का. कविता किती भारी आहे ते तुला सांगायला नको. पण आधी एवढंच बघ, घाई कोणाला आहे?

त्या ओळी ज्यातल्या आहेत ती 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' (आढेवेढे घेणाऱ्या प्रेयसीला) अख्खी वाच, स्टेटसला टाकतात तेवढ्याच ओळी नकोत. 1681 मध्ये, मार्वेल गेल्यावर छापली गेलेली ही 46 ओळींची कविता म्हणजे सरळसरळ युक्तिवाद आहे, जर, पण, म्हणून. जर वेळ असता तर तू गंगेकाठी माणकं शोधत बसली असतीस, मी इकडे इंग्लंडात हंबर नदीकाठी झुरलो असतो, नुसत्या डोळ्यांच्या कौतुकाला शंभर वर्षं दिली असती. पण पुढे थडगं आहे, किडे आहेत. म्हणून आत्ताच! आणि या सगळ्यात ती एक शब्द तरी बोलते का गं? भीती घालणारा तोच, घड्याळ बघणाराही तोच.

आता जॉन डन घे, मार्वेलच्या आधीच्या पिढीतला इंग्रज कवी. 'द सन रायझिंग'मध्ये तो खिडकीतून आलेल्या सूर्यालाच झापतो, जा, शाळेला उशीर झालेल्या पोरांना ओरड, राजा शिकारीला निघालाय म्हणून त्याच्या लोकांना सांग, तास-दिवस-महिने म्हणजे नुसत्या काळाच्या चिंध्या. हा राजा म्हणजे 1603 ला गादीवर आलेला जेम्स असं मानतात, म्हणजे तोवर अ‍ॅनशी 1601 मध्ये गुपचूप लग्न करून, नोकरी घालवून, तुरुंगाची हवा खाऊन झाली होती डनची. वेळ त्याचीही वाईटच होती, पण ती तो तिच्यावर ढकलत नाही, सूर्याशी भांडतो. हा फरक कळला की बास, माझ्या दृष्टीने अर्धं मेटाफिजिकल काव्य, म्हणजे या दोघांचं ते युक्तिवाद आणि अचाट उपमांचं काव्य, कळलं.

तरी डनलाही मी सोडत नाही. अ‍ॅन 1617 मध्ये बाराव्या बाळंतपणानंतर गेली, पस्तिशीही गाठली नव्हती. त्याने परत लग्न केलं नाही, मान्य, पण प्रेमाला ऋतू नसतो असं लिहिणाऱ्याच्या घरात काळ कोणाच्या अंगावरून गेला? म्हणून म्हणते, घाई कोणाला आहे ते बघ, आणि मोजतंय कोण तेही बघ.

शिकवायचे तेव्हा या दोन कवितांवर मी तासच्या तास घालवायचे, सिलॅबस मागे पडतो म्हणून तक्रारी झाल्या. मी ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही, परीक्षेपुरत्या डनच्या कंपास आणि पिसवेच्या उपमा पाठ करून गेलेल्या मुलींना असा मेसेज आल्यावर काय उपयोग त्याचा? मीही लग्नाला वेळ घेतला होता, त्यात काही वर्षं गेली ती गेलीच, त्यांची हळहळ वाटते, नाही कशाला म्हणू. थांबल्याची मात्र नाही वाटत.

आणि सारखं 'मी चुकतेय का' विचारू नकोस बाई, चिडचिड होते माझी. तो आवडतो का तुला, हे तू एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाहीस. आधी ते लिही. आवडत असेल तर मार्वेलशिवायही आवडेल, आणि त्याला खरंच तू हवी असशील तर तुझी सेमिस्टर संपेपर्यंत थांबेल की.