केटीतलं घर: ४५ फुटी की ६५ फुटी?

तुमचा प्रश्न असा: मिस्टरांची बदली पुण्याहून ह्यूस्टनला, मुलगा चौथीत, आणि ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या केटी उपनगराकडची दोन घरं मनात भरली आहेत. एक जुन्या वसाहतीत ४५ फुटी लॉटवर, म्हणजे प्लॉटवर, दुसरं नव्या सबडिव्हिजनमध्ये ६५ फुटी, कल-डी-सॅकच्या, म्हणजे पुढे बंद असलेल्या गल्लीच्या, टोकाला. कुठलं घ्यावं? व्हिसा, क्रेडिट स्कोअर, शाळांचं रेटिंग हे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यात मी शिरत नाही. खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण शेवटी तुम्ही सहज विचारलंत, "मुलाला शाळेत चालत जाता येईल ना?" आणि माझा रविवार त्यात गेला.

आधी लॉटचं. इथले बिल्डर फक्त पुढची रुंदी सांगतात, खोली साधारण १२० फूट धरून चाला. म्हणजे ४५ फुटी लॉट जवळपास पाच गुंठे, आणि इथे त्याला लहान म्हणतात! सगळा हिशोब रुंदीवर चालतो, कारण रस्ता, पाण्याची लाइन, ड्रेनेज घरासमोरून जातं. रुंदी वाढली की दर घरामागे रस्ताही वाढतो. हा खर्च शेवटी तुमच्याच खिशातून जातो, मडच्या करातून. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, वसाहतीचं पाणी-ड्रेनेज बघणारी सरकारी संस्था. ती बाँड काढून डेव्हलपरचे पैसे फेडते आणि तुमच्याकडून वर्षानुवर्षं वसूल करते. नवी वसाहत असेल तर सगळे कर धरून वर्षाला घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांवरही जातात. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून खूश होणाऱ्यांना हे पहिल्या बिलाला कळतं.

"ह्यूस्टनला झोनिंग नाही", म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं हे शहर ठरवत नाही, हेही कुणीतरी सांगितलं असेलच. खरं आहे, पण लॉटचे नियम आहेत. १९९८ मध्ये शहराने ६१० लूपच्या, म्हणजे शहराभोवतीच्या रिंग रोडच्या, आत किमान लॉट ५,००० चौरस फुटांवरून, अटी पाळल्या तर, १,४०० पर्यंत खाली आणला आणि २०१३ मध्ये ती सवलत सगळ्या शहराला दिली. १,४०० म्हणजे आपला सव्वा गुंठा आणि वर थोडं. त्यावर तिमजली टाउनहाउसांच्या रांगा उभ्या राहिल्या. तुमची घरं मात्र बहुधा कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत, पत्त्यात केटी असलं तरी. तिथे कौंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, आणि टेक्सासमधल्या कौंटीला सहसा झोनिंगचा अधिकार नसतो. शेजारी काय बांधलं जाईल हे डीड रिस्ट्रिक्शन, म्हणजे जमिनीच्या कागदांतल्या अटी, आणि एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, ठरवतात. तो गठ्ठा सही करायच्या आधी मागा. कुंपणाच्या रंगापासून सगळं त्यात असतं.

आणि प्लॅट बघा. प्लॅट म्हणजे आपल्याकडचा मंजूर लेआउट. कौंटी क्लर्ककडे नोंदलेला असतो, कुणालाही मिळतो, आणि घर घेताना जवळजवळ कुणीच वाचत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या बार्कर आणि ॲडिक्स जलाशयांच्या मागच्या बाजूची हजारो घरं पाण्यात गेली. त्यातल्या काही वसाहतींच्या प्लॅटवर, बारीक अक्षरात, ही जमीन नियंत्रित पाण्याखाली जाऊ शकते असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद कौंटीत होता आणि लोकांचे सोफे रस्त्यावर.

आता शाळा.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे ड्रेनेजचा चर आहे आणि चराच्या पलीकडे शाळेचं मैदान. पीटीच्या तासाची शिट्टी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. पण रस्त्याने जायचं तर वसाहतीतून वळसा घालून एकमेव दारातून बाहेर, मग सहा पदरी रस्ता, मग शाळेची कमान. दीड मैलाच्या वर. आणि टेक्सासचा नियम असा, की शाळा बसचे पैसे राज्य देतं ते दोन मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांसाठी, तेही रस्त्याने मोजून. धोकादायक रस्त्यासाठी सवलत आहे, ती द्यायची की नाही हे शाळांचा डिस्ट्रिक्ट ठरवतो. आमचा सहा पदरी रस्ता त्यांच्या यादीत नव्हता. मग मी म्हटलं, कुंपणात एक फाटक आणि चरावर छोटा पूल, एवढंच करा. एचओए म्हणालं, चर आमचा नाही. मड म्हणाली, फाटक आमच्या कामात बसत नाही. शाळा म्हणाली, सुरक्षेचा प्रश्न आहे. प्रत्येकाचं पत्र अतिशय गोड, "तुमच्या सहभागाबद्दल आभार"ने सुरू होणारं. ती फाइल अजून कपाटात आहे.

माझ्याकडे तेव्हा लायसन्स नव्हतं. मुलगी शेजाऱ्यांच्या गाडीतून जायची. त्यांच्याकडे कुणी आजारी पडलं की तिची शाळा बुडायची. अशा दिवशी ती मागच्या कुंपणाच्या फटीला डोळा लावून जॅकेटच्या रंगावरून मैत्रिणी ओळखायची आणि मला आत येऊन नावं सांगायची. आता ती ऑस्टिनला शिकते. तिला यातलं काही आठवत नाही म्हणते. मला मात्र अजून चीड येते, आणि नक्की कुणाची ते सांगता येत नाही, कारण एकानेही नियम मोडलेला नव्हता.

एकटेपणाचं विचारलंत. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, फराळ घरपोच मिळतो, मोदकाची पिठी दुकानात मिळते. होतं सगळं नीट. पुढे.

हो, पण एक सांगायलाच हवं. आमच्या गल्लीचं एक टोक लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कठड्याशी संपतं. त्याला स्टब स्ट्रीट म्हणतात. पलीकडच्या रानात वसाहत झाली की तो जोडायचा असतो, कारण नियमाप्रमाणे गल्ल्या ठरावीक अंतरावर एकमेकींना मिळायला हव्यात. ह्यूस्टनचे हे नियम हद्दीबाहेरच्या पट्ट्यालाही लागू होतात. गेल्या वर्षी पलीकडे घरं आली आणि जोडणीविरुद्ध अर्ज फिरला. मी सही केली. फाटकासाठी ऑफिसं पालथी घालणारी मीच. त्या कठड्यापाशी संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, आम्ही चार बायका खुर्च्या टाकून बसतो. सोळा वर्षांत या वसाहतीत मला माणसं भेटली ती तिथेच. रस्ता जोडला तर पलीकडच्या कुणाच्या तरी मुलाला शाळा जवळ पडेल हे मला कळत होतं. पुन्हा अर्ज आला तर पुन्हा सही करीन.

म्हणून कल-डी-सॅक वाईट असं मी म्हणणार नाही. मुलगा तीन-चार वर्षांचा असता तर ६५ फुटीच घ्या म्हटलं असतं. दहा वर्षांच्या मुलाला सायकलवरून कुठेतरी पोचायचं असतं. माझं मत ४५ फुटीला. फक्त मिस्टर घर बघायला जातील तेव्हा त्यांना दारापासून शाळेच्या कमानीपर्यंत चालायला लावा, शक्यतो ऑगस्टमध्ये दुपारी तीनला, शाळा सुटते त्या सुमाराला. एजंट गाडीतून दाखवेल, तर नको म्हणायचं. वाटेत फुटपाथ कुठे तुटतो, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, हे फोनवर टिपून घ्या. ६५ फुटीवाल्या एजंटला मडचा यंदाचा कर दर आणि मुलाची शाळा कुठली हे लेखी मागा. नव्या भागात शाळा भरली की हद्दी बदलतात आणि मुलं दुसरीकडे जातात. दोन्ही घरांचे प्लॅट मिळाले की मला पाठवा, बघून सांगते.