वायफाय बंद करण्याआधी

"मॅडम, वायफाय बंद करू का?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मुलाची आई विचारते, बाबा विचारतात, कधी आजोबाही विचारतात. माणसं घोडबंदर रोडच्या टॉवरमधून आलेली असोत की किसननगरमधून, पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "व्यसन लागलंय हो त्याला. काढूनच घ्यावा का मोबाईल?" इंजिनीअरिंगचे निकाल लागले की हे फोन वाढतात. प्रत्येकाला तेच पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट लिहावी असं बरेच दिवस मनात होतं. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला तन्मय म्हणू. वय वीस, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, एम-थ्री म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात केटी, म्हणजे विषय राहिलेला. पहिल्या भेटीला तो आलाच नाही, आईबाबा आले. आईने पर्समधून एक शंभर पानी वही काढली. स्केलने रेघा मारून रकाने पाडलेले: वार, झोपला किती वाजता, उठला किती वाजता, जेवताना मोबाईल होता की नव्हता. मंगळवार, २:४०. बुधवार, ३:१०. गुरुवारी तीन वाजल्यापुढे प्रश्नचिन्ह.

"प्रश्नचिन्ह का?"

"मलाच झोप लागली. त्याच्या दाराखालून उजेड दिसतो ना, तो बघत बसते मी."

बाबांनी त्यांच्या परीने उपाय करून पाहिला होता. राऊटरची वायर काढून ते ती ऑफिसच्या बॅगेतून घेऊन जायचे. तन्मयने मित्राच्या हॉटस्पॉटवर चार दिवस काढले, मग स्वतःच रिचार्ज मारला. पुढे दार आपटणं, ताट सरकवणं, आठवडाभर अबोला. "सहा सहा तास, मॅडम!" बाबा म्हणाले. "सहा तासांना व्यसन नाही तर काय म्हणायचं?"

इथे थोडं थांबून सांगते, कारण तासांचा आकडा प्रत्येक घरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली. ती आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या व्याख्येत तास किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. तिथे पाहायचं असतं ते असं: खेळणं कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं यावरचा ताबा गेला आहे का, खेळापुढे बाकी सगळं मागे पडलं आहे का, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळणं चालूच आहे का. तेही साधारण बारा महिने, आणि शिक्षण, काम, नाती यांची खरोखर वाताहत होईल इतकं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ च्या त्यांच्या निदान-पुस्तिकेत इंटरनेट गेमिंगला 'अजून अभ्यास हवा' अशा यादीत ठेवलं. 'इंटरनेटचं व्यसन' नावाचं वेगळं निदान या दोन्हींत नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा अजिबात नाही. २०१४ पासून बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं, ते उगाच नाही. पण दाराखालचा उजेड मोजून निदान होत नसतं, आणि 'व्यसनी' हा शिक्का घरात एकदा मारला की पोरगं त्या शिक्क्याशीच भांडत बसतं. मूळ प्रश्न बाजूला राहतो.

त्या वहीत मला एक रकाना कमी दिसत होता. तिच्यात सगळ्या वेळा होत्या, पण तो फोन उचलतो त्याच्या आधीच्या मिनिटाला काय चाललेलं असतं, हे कुठेच नव्हतं. आईला ते माहीत असणं शक्यही नव्हतं.

तन्मय आला तो पंधरा दिवसांनी, हुडीची टोपी डोक्यावर ओढून. बसायच्या आधीच म्हणाला, "मी ॲडिक्ट नाहीये."

"बरं. काय खेळतोस?"

"बीजीएमआय."

"मला समजावून सांग. मला त्यातलं काहीच कळत नाही."

त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मग समजावलं. मोबाईलवरचा लढाईचा खेळ, त्यात चौघांचा स्क्वॉड, म्हणजे गट असतो. कुठे उतरायचं, झोन, म्हणजे खेळायची जागा, आकसला की कुठल्या बाजूने सरकायचं, हे एकाने ठरवायचं. त्याला आयजीएल म्हणतात, आणि त्यांच्यात तो तन्मय होता. सांगता सांगता टोपी मागे गेली, आवाज उघडला. अर्ध्या तासात एक मॅच संपते, काय चुकलं ते लगेच कळतं, आणि लगेच दुसरी सुरू करता येते. कॉलेजात मात्र परीक्षा दिल्यावर कित्येक आठवडे निकालाची वाट, आणि निकालातही काय चुकलं ते कुणी सांगत नाही. शिवाय पुढच्या मॅचमध्ये जिंकू की हरू हे कधीच आधी माहीत नसतं. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसेल तर प्राणी एखादी कृती सोडता सोडत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून फार पूर्वी दाखवून दिलं आहे. रील्स खाली खाली सरकवत राहणारा अंगठाही त्याच नियमाने चालतो.

एवढं समजलं तरी पोरगं दोन वाजता फोन ठेवत नाही. गेम खेचून घेतो हे खरं, पण तन्मयच्या बाबतीत त्याला मागून कोण ढकलतंय, ते मला हवं होतं. म्हणून त्याला एकच काम दिलं: फोन उचलशील तेव्हा आधीच्या मिनिटात काय करत होतास, तेवढं एका ओळीत लिही. खेळणं कमी करायचं नाही.

पुढच्या भेटीत त्याने ओळी वाचून दाखवल्या. "जेवलो, टेबलावर बसलो, एम-थ्रीची वही काढली. फोन. पुढे... व्हॉट्सॲपवर सबमिशनचा मेसेज. फोन. एम-थ्रीची वही. फोन." इथे तो वाचायचा थांबला.

"वही आणि फोन यांच्या मधे काय झालं?"

"काहीच नाही."

"आठवून बघ."

त्याने तळहात छातीच्या खाली ठेवला. "इथे गोळा येतो."

"आणि डोक्यात?"

"परत जाणार. हे मला जमणारच नाही. तिसऱ्यांदा राहिला तर मी फुकट आहे."

"तो गोळा किती वेळ राहतो?"

"माहीत नाही." जरा थांबून म्हणाला, "राहूच देत नाही ना मी."

इतकी वर्षं हे काम करताना काही वाक्यं ऐकली की कळतं, आता दार उघडलं. हे तसं वाक्य होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात ती मांडली. तिचा गाभा असा, की घटना आपल्याला जितकी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दलची आपली हट्टी वाक्यं छळतात. 'मला जमलंच पाहिजे' हे त्यातलं एक. 'मला हे सहन होणार नाही' हे दुसरं, आणि माझ्या अनुभवात फोनच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हे दुसरंच असतं. तन्मयने ते वाक्य कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. गोळा आला की फोन, आणि फोन हातात आला की गोळा जातो. फोन ही त्याने दुखऱ्या दाढेत धरलेली लवंग होती. लवंगेने खरंच बरं वाटतं, म्हणून ती टाकून दे सांगितलं तर कोण ऐकेल? आणि तिच्यामुळे दाढ पाहायची वेळ मात्र कायम पुढे ढकलली जाते.

"पुढच्या वेळी ती वही घेऊन ये," मी म्हटलं.

त्याने ती आणली. टेबलावर लाप्लासचं एक गणित उघडलं, शेजारी फोन उलटा ठेवला. मी सांगितलं, सोडवायचं काहीच नाही. नुसतं त्या पानाकडे बघायचं आणि गोळ्याला दर मिनिटाला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा. भिंतीवरचं घड्याळ आम्हा दोघांना दिसत होतं.

"आठ."

"आठ."

"नऊ." हात फोनपर्यंत गेला, फोनच्या कडेवर बोट फिरलं आणि परत आलं. मी काही बोलले नाही.

"नऊच आहे. मॅडम, हे जाणार नाही."

"बघू."

खाली गोखले रोडवर टीएमटीच्या बसचा हॉर्न वाजत होता. पाचव्या मिनिटाला त्याने सात सांगितला. मग सहा. मग बराच वेळ तो आकडा सांगायचाच विसरला, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तीन असेल." तोपर्यंत त्याने पेन उचललं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्याने एक ओळ लिहिली, मग दुसरी, आणि चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. "याचा इन्व्हर्स मला येतो की!"

त्या दिवशी त्याने ते एवढंच गणित सोडवलं आणि मला ते पुरेसं होतं. गोळा न हाकलताही उतरतो, हे त्याला मी सांगून पटलं नसतं. ते त्याने घड्याळात पाहिलं होतं. वेळापत्रक, ॲप ब्लॉकर, शपथा, यांतलं काहीही यानंतर उपयोगी पडू शकतं. याच्या आधी दिलं असतं तर त्याने ते पहिल्या आठवड्यातच मोडलं असतं आणि 'मी फुकट आहे' याला आणखी एक पुरावा मिळाला असता.

त्या 'फुकट'वर आम्ही नंतर बरेच दिवस घालवले. एकदा मी विचारलं, "तुझ्या स्क्वॉडमधला एखादा पहिल्याच झोनमध्ये मेला, तर तू त्याला टीमबाहेर काढतोस?"

"नाही. पुढच्या मॅचला येतोच ना तो."

"का? फुकट आहे की तो."

"एका मॅचवरून कसं—" आणि गप्प झाला. मी त्याला गप्प राहू दिलं.

सगळं सरळ रेषेत झालं नाही. व्हायव्हाच्या आठवड्यात सलग तीन रात्री पहाटेपर्यंत खेळला आणि तोंड लपवत आला. मी त्याला फक्त आधीचं मिनिट विचारलं. ते त्याला आता सांगता येत होतं.

आईबाबांशीही बोलणं झालंच, कारण अर्धा प्रश्न तिथे होता. मी बाबांना विचारलं, "वायर काढता त्याच्या आधीच्या मिनिटात तुम्हाला काय होतं?" ते जरा चिडले. मग म्हणाले, "बघवत नाही हो. त्याला तसं बसलेलं बघितलं की डोकं सणकतं. वाटतं, याचं काही होणार नाही."

मुलाला वही बघवत नाही म्हणून तो फोन उचलतो. बाबांना मुलाच्या हातातला फोन बघवत नाही म्हणून ते वायर उचलतात. दोघांचं वाक्य एकच आहे आणि दोघांनाही वाटतं, दोष समोरच्यात आहे. हे मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते आणि पालकांना आवर्जून सांगते: वायफाय बंद करण्याआधी स्वतःचा तो गोळा ओळखा. तो उतरू द्या. मग जे ठरवाल ते रागातून आलेलं नसेल, आणि म्हणून टिकेल.

ठरवायचं तर असतंच. मोकळं सोडा असं मी कधीच म्हणत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे नियम मोठ्यांनीच घालायचे आणि पाळून घ्यायचे. विशीतल्या मुलाशी मात्र करार करावा लागतो. या घरात सुरुवात झोपेपासून झाली, कारण पहाटे तीनला झोपलेल्या मेंदूला दुसऱ्या दिवशी कुठलाच गोळा पेलत नाही. ठरलेल्या वेळेनंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. दुसरं, मॅचच्या मधे "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हणायचं नाही. तो मधेच उठला तर तिघं मित्र अडकतात आणि त्यांच्यासमोर त्याची नाचक्की होते. नवी मॅच सुरू व्हायच्या आधी "ही शेवटची" म्हटलं तर तो ऐकण्याची शक्यता कितीतरी जास्त. आईला मी वही बंद करायला सांगितली. तिला ते सगळ्यात जड गेलं. पण रात्री जागून त्या उजेडावर पहारा ठेवणं थांबलं, तेव्हा पहिल्यांदा ती तन्मयशी कॉलेज सोडून दुसऱ्या विषयावर बोलली.

एम-थ्री त्याने पुढच्या प्रयत्नात काढली, काठावर. शनिवारी रात्री तो अजून खेळतो आणि आयजीएल तोच आहे. एम-फोर चालू आहे.

सगळीच प्रकरणं अशी घरगुती उपायांत बसत नाहीत. मुलाने मित्रांना भेटणं, आंघोळ, जेवण सोडलं असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, फोन काढल्यावर तो मारहाणीवर येत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर समुपदेशकाच्याही आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती, लक्ष न टिकण्याचा त्रास हे पुष्कळदा फोनच्या आड दडलेले असतात आणि त्यांवर औषधोपचार आहेत. खेळात पैसे लावले जात असतील तर तो प्रकार वेगळाच. अशा ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, तरी आधी झालेलं कर्ज मुलं महिनोन्महिने लपवतात. तेव्हा आवाज न चढवता आधी रक्कम विचारा. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जायला नावाची भीती बाळगू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. मुलगा फोन करायला तयार नसेल तर तुम्ही करा, तुमच्यासाठी.