गर्भात हाडंच नसताना रक्ताच्या पहिल्या स्टेम सेल येतात कुठून?

तुम्ही विचारलंय की रक्त बोनमॅरोत बनतं, मग जिथे अजून हाडं नाहीत त्या गर्भात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे सगळ्या रक्तपेशी बनतात त्या मूळ पेशी, येतात कुठून आणि त्यांना हे काम सांगतं कोण. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते आणि माझा हा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

त्या येतात महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीतून. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर असतं ना, त्यातल्याच खालच्या बाजूच्या काही पेशी फुगून गोल होतात, शेजारणींपासून सुटतात आणि रक्तात जातात. माणसात हे साधारण पाचव्या आठवड्यात होतं, आणि झेब्राफिश या छोट्या माशाचा भ्रूण पारदर्शक असल्यामुळे 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी हे मायक्रोस्कोपखाली जिवंत घडताना पाहिलं.

आता सांगतं कोण? एक सिग्नल नॉच, तो शेजारची पेशी चिकटलेली असेल तरच मिळतो. त्याच्यामुळे पुढे रन्क्स-1 नावाचं जीन चालू होतं आणि ते नसेल तर या स्टेम सेल बनतच नाहीत. महाधमनीच्या खालच्या टिश्यूकडून बीएमपी-4 नावाचं सिग्नल देणारं प्रोटीन येतं. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो रक्ताच्या प्रवाहाचा धक्का. ज्या झेब्राफिशचं हृदय जन्मतःच धडकत नाही त्यांच्यात या स्टेम सेल खूप कमी बनतात, आणि 2009 मध्ये बोस्टनच्या लोकांनी अशा माशांना नायट्रिक ऑक्साइड सोडणारं केमिकल दिलं तर त्या पुन्हा दिसायला लागल्या! म्हणजे प्रवाह भिंतीला घासतो, भिंत नायट्रिक ऑक्साइड सोडते, आणि तोच निरोप.

पोल्ट्रीतून फलित अंडी आणून दोन दिवस उबवली आणि कवचाला छोटी खिडकी पाडली की बलकावर बारीक लाल जाळी दिसते आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी टकटक करत असतं, मुलं बघताना श्वास धरून बसतात. ते पहिलं रक्त मात्र तात्पुरतं, खऱ्या स्टेम सेल त्यानंतर महाधमनीत येतात. तिथून त्या लिव्हरमध्ये जाऊन वाढतात, आणि हाडं तयार झाली की मॅरोतल्या पेशी सीएक्ससीएल-12 नावाचं प्रोटीन सोडून त्यांना बोलावून घेतात.

प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून अशा स्टेम सेल बनवायला हेच सिग्नल शरीराबाहेर, प्लेटमध्ये द्यायचे तर कुठल्या दिवशी कुठला, यावर सगळं अडतं. मेलबर्नच्या टीमने 2024 मध्ये त्यात व्हिटॅमिन एचा एक प्रकार नेमक्या वेळी घातला, आणि तयार झालेल्या मानवी पेशी उंदराच्या मॅरोत जाऊन रुजल्या.