पायाच्या बायपासनंतर परिचारिका दर तासाला पाय का तपासतात?

तुमच्या वडिलांच्या मांडीपासून गुडघ्यामागच्या रोहिणीपर्यंत बायपास (अडथळा टाळून रक्त पुढे नेणारी नवी नळी जोडण्याची शस्त्रक्रिया) झाला असल्याने पहिल्या २४ तासांत सर्वांत मोठा धोका म्हणजे नव्या नळीत रक्ताची गुठळी होणे, आणि तो वेळीच ओळखण्याचे काम मुख्यतः परिचारिकेच्या बोटांवर असते. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे दर तासाला ती पावलाच्या वरची व आतल्या घोट्यामागची नाडी पाहते. नाडी हाताला लागत नसेल तर डॉप्लर या ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकते. जिथे ती सापडते तिथे त्वचेवर पेनाने फुली केलेली दिसेल, म्हणजे पाळी बदलल्यावर येणारी परिचारिकाही नेमके तेच ठिकाण तपासते.

पाय अचानक थंड किंवा फिकट पडणे, बोटे बधिर होणे, हलवता न येणे, किंवा आधी असलेली नाडी नाहीशी होणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना तत्काळ कळवावे लागते, कारण रक्ताविना स्नायू काही तासांतच कायमचे निकामी होऊ शकतात. पोटरी दगडासारखी ताठ होऊन औषधानेही वेदना शमत नसतील, तर तीही तितकीच तातडीची बाब आहे. पाऊल थोडे सुजणे मात्र अपेक्षित असते.

मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला टाचेचे दुखणे जाणवत नाही आणि दाबाने नकळत जखम होऊ शकते, म्हणून टाच गादीवर टेकू न देण्याकडे माझे स्वतःचे विशेष लक्ष असते. गुडघा दुमडल्याने नळी दबू शकते, म्हणून वडील तो फार वेळ दुमडून ठेवत असतील तर तुम्हीही त्यांना अवश्य टोका.