पहिल्या वर्षी दहा गुंठेच घे

भावा, उमेद चांगली आहे, पण वाळव्यातलं दीड एकर एकदम रसायनमुक्त करायला जाऊ नकोस. मी तीच चूक केली. पहिल्याच वर्षी उसाचा उतारा पडला आणि घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. दहा गुंठे घे. त्यात घरच्या ताटातलं लाव: मेथी, वांगी, चवळी, थोडी हळद. बाकी रानातलं रासायनिक खत हळूहळू कमी कर. भाजीचा आणि खताचा वाचलेला पैसा घरातल्या बायकांना आधी दिसतो, मग त्याच तुझ्या बाजूनं बोलतात.

उसाचं पाचट पेटवू नकोस, सरीत आंथर. ओल टिकते, तण दबतं, कुजून खत होतं. आणि पाणी बेतानं दे. जादा पाण्यानं मीठ फुटून क्षारपड झालेली कृष्णाकाठची रानं बघतोयस ना?

जीवामृत, म्हणजे रानाला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, घरीच कर. 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळ, दोन-तीन दिवसांनी वापर. एकराला पुरतं.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- कच्चं शेणखत टाकतात, मग हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागते.
- दुकानातल्या ‘सेंद्रिय’ बाटल्या घेतात. उधारी तेवढीच राहते.
- खर्चाची वही ठेवत नाहीत.

सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचं नंतर बघू. आधी उकिरडा सावलीत हलव.