चार वर्षांच्या बंदीबद्दल, एका पैलवानाला

सांगली

प्रिय पैलवान,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सरावातल्या जोडीदाराच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे ताकद वाढवणारं स्टेरॉइड सापडलं, नाडाकडून, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून, कळवलं गेलं, आणि आता चार वर्षांच्या बंदीची चर्चा चालू आहे. गोळ्या तालमीतल्या थोरल्याने दिल्या, ताकदीच्या म्हणून दिल्या, पोराने विश्वासाने खाल्ल्या. देणारा जत्रेची मैदानं मारत फिरतोय आणि खाणारा घरात तोंड लपवून बसलाय. "सर, हा कुठला न्याय?" असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर तुला सगळंच्या सगळं पटेल असं नाही, तरी मनात आहे ते लिहितो.

आधी नियम नीट समजून घे, कारण तालमीत त्याबद्दल जे बोललं जातं त्यात निम्मं ऐकीव असतं. तुझ्या शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदारी तुझी. ते कुणी दिलं, मुद्दाम घेतलं की चुकून गेलं, हे दोष ठरवताना विचारतच नाहीत. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना विचारतात. स्टॅनोझोलॉलसारखं स्टेरॉइड असेल तर शिक्षा सुरू होते चार वर्षांपासून, आणि आपण मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध करायचं. ते जमलं तर दोन वर्षं. काही औषधांच्या बाबतीत मात्र उलटं आहे. खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन घे. तिथे सुरुवातच दोन वर्षांपासून होते, आणि मुद्दाम घेतलं हे नाडाने दाखवायचं. २०१५ पर्यंत स्टेरॉइडलाही पहिल्या वेळी दोनच वर्षं होती, ती वाढवून चार केली.

हा नियम क्रूर वाटतो ना? २०११ साली आपल्या ४ बाय ४०० रिलेच्या मुली मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडमध्ये सापडल्या. त्यांच्यातल्या काहींनी आदल्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं होतं. त्या म्हणाल्या, परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिन्सेंग या औषधी मुळीतून हे आलं. नाडाच्या समितीने एक वर्षाची बंदी घातली. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि २०१२ मध्ये एकाची दोन वर्षं झाली. प्रशिक्षकाने दिलं हे कारण पुरलं नाही. नरसिंग यादवचं तर तुला माहीतच आहे, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ साली त्याने सांगितलं की आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळलं. नाडाच्या समितीने ते मानलं, तो रिओ ऑलिम्पिकला पोचलाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी लवादाने चार वर्षांची बंदी घातली, कारण मिसळल्याचा भक्कम पुरावा समोर आला नाही. तेव्हा सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात तालमी-तालमींत लोक हळहळले होते. मीही हळहळलो. तरीही नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

का, ते सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. नाडाचे अधिकारी आल्याची बातमी फुटली आणि खेळाडू पळाले. स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच मुलगा उभा राहिला आणि एकटाच धावला. मला त्या दिवसाचा विचार केला की पळालेल्यांपेक्षा तोच मुलगा आठवतो. आधीच्या सगळ्या वर्षांत तो कुणाकुणाच्या मागे राहिला असेल? कुठल्या कुठल्या संघातून त्याचं नाव गळलं असेल? ते त्याला कोण परत देणार?

आपल्याकडे हे आणखी बोचरं आहे, कारण पदकाशी नोकरी बांधलेली आहे. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. प्रमाणपत्र पडताळणीला पहिला, दुसरा, तिसरा एवढंच चालतं. चौथ्याच्या हातात काही पडत नाही. तुझ्या जोडीदाराने ज्याला उपांत्य फेरीत चीतपट केलं, तोही कुणाच्या तरी शेतावरच्या घरातून आलेला असणार. त्याच्याही आईने दुधाचे पैसे बाजूला काढून बदाम आणलेले असणार. तुझ्या पत्रात त्या मुलाचा उल्लेख कुठेच नाही. न्याय मागायचा तर त्याच्यासाठीही मागावा लागेल.

आता दुसरी बाजू, जिथे तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं.

ऑलिम्पिकच्या मल्लाला आणि आपल्या विद्यापीठाच्या पोराला नियमावली एकच. पण ऑलिम्पिकच्या मल्लामागे डॉक्टर असतो, फिजिओ असतो, फेडरेशन असते. आपल्या पोरामागे वस्ताद आणि गावातलं मेडिकल. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ २०१९ मध्ये टर्ब्युटालिनमध्ये सापडला. खोकल्याचं औषध घेतलं असं त्याने सांगितलं, ते मानलं गेलं आणि आठ महिन्यांची बंदी लागली, तीही मागच्या तारखेपासून. निर्णय नियमात बसणारा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण असं म्हणणं कागदपत्रांसह मांडायला माणसं लागतात. पलूस नाहीतर जतच्या पोराने तेच सिरप घेतलं तर त्याच्याकडे बिल नसतं, चिठ्ठी नसते, इंग्रजी नोटीस वाचून दाखवणारंही कुणी नसतं. आपल्या भागात पोरं झोनल खेळतात, इंटरझोनल खेळतात, विद्यापीठाचा रंग मिळवतात, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडली जातात, आणि बंदी असलेल्या औषधांची यादी असते हे त्यांना नमुना द्यायला बसवल्यावर कळतं. ही चूक पोरांची नाही. ती आम्हा जिमखान्यावरच्या लोकांची, वस्तादांची आणि संघटनांची आहे.

शिवाय चार वर्षं म्हणजे विद्यार्थ्याचं सगळं कॉलेज. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांसाठी एनसीएए ही वेगळी संस्था आहे. तिथे स्टेरॉइडमध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला वर्षभर खेळता येत नाही आणि त्याच्या वाट्याच्या चार हंगामांतला एक जातो. दुसऱ्यांदा सापडला तर कॉलेजचं खेळणंच संपतं. २०२४ मध्ये त्यांनी सर्वांत वरच्या गटासाठी गांजा यादीतूनच काढला, कारण त्याने कुणी जास्त जोरात खेळत नाही. तो शिस्तीचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे असं त्यांनी मानलं. ही वेगवेगळी वागणूक मला शहाणपणाची वाटते. पण स्टेरॉइडला एकच वर्ष मला कमी वाटतं. त्याने चढवलेली ताकद वर्षभरात सगळी उतरत नाही, आणि समोरच्या मुलाचं गेलेलं वर्षही परत येत नाही.

म्हणून शिक्षा कमी करा ही मागणी माझी नाही. ती खालच्या पायरीवर, खाणाऱ्यापाशीच थांबते, तिथे माझं भांडण आहे. आणि ती वर नेण्याची सोय नियमातच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खेळाडूला बंदी असलेलं द्रव्य देणं, टोचणं, विकणं याला चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे. प्रशिक्षकाने किंवा डॉक्टरने अठरा वर्षांखालच्या पोराला स्टेरॉइडसारखं द्रव्य दिलं तर बहुतेक वेळा आजन्मच. मदत करणाऱ्याला, लपवणाऱ्यालाही शिक्षा आहे. मग देणारे सुटतात का? कारण कुणी नाव घेत नाही. वस्तादाचं नाव घेतलं की तालीम सुटते, थोरल्याचं घेतलं की गावात राहणं अवघड होतं. गुरूपुढे मान खाली घालायची आपली रीत फार मोलाची आहे, तिच्या आड हा धंदा चालू द्यायचा नाही.

नाव घेणाऱ्याला नियम मोबदलाही देतो. त्याने दिलेल्या माहितीवरून दुसऱ्यावर कारवाई उभी राहिली तर त्याच्या बंदीचा पाऊण हिस्सा स्थगित होऊ शकतो. दुसरी एक सवलत आहे. आरोपाची नोटीस हातात पडल्यापासून वीस दिवसांत दोष कबूल करून सांगितलेली शिक्षा मान्य केली, तर चारातलं एक वर्ष कमी होतं. पण इथे जपून. ते एक वर्ष घेतलं की दुसऱ्या कलमाखाली आणखी कपात मिळत नाही. त्यामुळे घाबरून कशावरही सही करू नये, आणि हातावर हात ठेवून वीस दिवसही घालवू नयेत. त्याच्याकडे गोळ्यांचं पाकीट उरलं असेल, थोरल्याचे व्हॉट्सॲप मेसेज असतील, पैसे ऑनलाइन दिले असतील, तर ते सगळं जपून ठेवायला सांग. एकही मेसेज पुसायचा नाही. गोळ्या कुठून आल्या हे दाखवता आलं तरच त्याच्या बोलण्याला वजन येईल.

बंदीच्या काळात त्याला संघटनेच्या संघाबरोबर सराव करता येणार नाही, शेवटचा थोडा काळ सोडून. हे त्याला सर्वांत जास्त लागणार आहे. तू त्याच्या घरी जात राहा.

आता तुझ्याबद्दल. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की गेल्या खेपेला वजन उतरवायला एकाने लॅसिक्सची गोळी देऊ केली होती आणि वजनकाट्यानंतर सलाईन लावून घ्यायचा बेत होता. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, लघवी वाढवणारं औषध. त्यावर बारमाही बंदी आहे, स्पर्धा असो नसो, कारण त्याने वजनही उतरतं आणि दुसरी औषधंही लपतात. पाणी तोडलेल्या शरीरावर ते घेतलं तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. सलाईनचंही तसंच. बारा तासांत शंभर मिलिलिटरच्या वर शिरेतून काहीही चढवणं नियमाबाहेर आहे, हॉस्पिटलमधले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी सोडून. गावाकडे थकवा आला की बाटली लावायची पद्धत आहे, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तुला मात्र ती बाटली नाकारावी लागेल. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं कॉर्टिसोनचं इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही.

जिममध्ये मेफेंटरमाईनचं इंजेक्शन फिरतंय हे तुलाही माहीत आहे. आपल्या जिल्ह्यात पोलिसांनी ते पकडलंही आहे. ते ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरायचं औषध आहे. धडधाकट पोराने ते टोचून घेऊन व्यायाम केला तर रक्तदाब कुठे जाईल याचा नेम नाही. भरतीची तयारी करणारी पोरंसुद्धा त्याच्या नादी लागली आहेत. त्यांची नाडा चाचणी करत नाही म्हणून त्यांचं काळीज वेगळं असतं का?

पावडरच्या डब्यांबद्दल माझं मत जुन्या वळणाचं आहे. दूध, अंडी, बदाम, डाळ, भाकरी यांवर या मातीत मोठमोठे मल्ल झाले. तरी घ्यायचाच असेल तर डबा सीलबंद घे, बिल ठेव, बॅच नंबरचा फोटो काढ. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" यावर विसंबू नकोस. सोमलतेत एफेड्रिन असतं, आणि त्यालाही स्पर्धेत मर्यादा आहे. कुठलंही औषध घेण्याआधी नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर नाव टाकून बघ. मिरजेच्या डॉक्टरांकडे गेलास तर बसल्याबरोबर सांग की मी खेळाडू आहे, माझी डोपिंग चाचणी होऊ शकते. दम्यासारखा आजार असेल आणि बंदी असलेलं औषध लागतच असेल, तर त्यासाठी आधी परवानगी मागता येते.

आणि कधी तुझं नाव चाचणीला निघालं, तर पळू नकोस. नमुना द्यायला नकार दिला तर बंदी चार वर्षांचीच. सोबत एक माणूस नेण्याचा तुला हक्क आहे, प्रशिक्षक किंवा कुणीही. भाषा कळत नसेल तर समजावून सांगणारा माग. किट तू स्वतः निवडायचं, बाटल्यांचे आणि झाकणांचे नंबर कागदाशी जुळवून बघायचे, अ आणि ब दोन्ही. मागच्या आठवड्यात घेतलेलं प्रत्येक औषध, प्रत्येक पावडर फॉर्मवर लिहायची. काही गडबड वाटली तर तीही तिथेच लिहायची, नंतर सांगून उपयोग नसतो. आणि फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही.

या रविवारी सकाळी जोडीदाराला घेऊन विश्रामबागला माझ्या घरी ये. त्याच्या वडिलांनाही आण, त्यांच्याशी मी बोलेन. नाडाकडून आलेला प्रत्येक कागद, ई-मेलची छापील प्रत, नमुना देताना मिळालेला फॉर्म आणि उरलेल्या गोळ्या बरोबर असू दे. माझे एक वकील मित्र येणार आहेत, ते पैसे घेणार नाहीत. आरोपाची नोटीस कुठल्या तारखेला मिळाली हे मात्र मला आजच फोन करून कळव.

तुझा,
सर