आधी पोचपावती, मग ऑटोग्रेडर

प्रिय मित्रा,

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही चौघं करताय त्या सबमिशन पोर्टलचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी जर्नल आणि प्रोग्राम ऑनलाइन जमा करायच्या वेबसाइटचा, आराखडा पाहिला. चौघांपैकी तिघं ऑटोग्रेडरवर (प्रोग्राम आपोआप तपासून मार्क देणाऱ्या भागावर) आणि अपलोडला एकच जण, तोही ‘सोपं आहे’ म्हणून. ही वाटणी उलटी करा. असं पोर्टल तोंडघशी पडतं ते शेवटच्या तारखेच्या रात्री, नाहीतर टर्मवर्कच्या, म्हणजे सत्रभराच्या कामाच्या, मार्कांवरून वाद झाला की. दोन्ही वेळी विचारणा एकच असते: काय आलं, कधी आलं, नंतर कुणी काय बदललं? हे सांगता आलं नाही तर सर पुन्हा कागदी जर्नल (प्रॅक्टिकलची वही) मागतील, आणि त्यांचं चूक नसेल.

पीएचपीत (पोर्टलचा कोड ज्या भाषेत आहे तिच्यात) एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि आख्ख्या फॉर्मची ८ एमबी असते. पुढे एन्जिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या आधी घेणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याची १ एमबीच. मोबाइलवर फोटो काढून केलेली जर्नलची पीडीएफ सहज १५-२० एमबी भरते. एन्जिनएक्स अडवतो तेव्हा निदान ४१३ची (फाइल फार मोठी) एरर तरी दिसते. फॉर्मची मर्यादा ओलांडली की मात्र पीएचपी सगळा फॉर्मच रिकामा हातात देतं. तुमचा कोड म्हणतो ‘फाइल निवडा’, विद्यार्थी तीच फाइल पुन्हा निवडतो, आणि घड्याळ पुढे सरकत राहतं. तिन्ही मर्यादा एकत्र वाढवा, फॉर्मची फाइलपेक्षा थोडी जास्त ठेवा, आणि फाइलचा आकार ब्राउझरमध्येच तपासून सांगा.

वेळ सर्व्हरचीच धरा. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचं घड्याळ मागे नेता येतं. डेटाबेसमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा, दाखवताना भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. हे विसरलात तर रात्री ११:५९ची मुदत पहाटे ५:२९ला संपेल. ‘रात्री १२’ असं कुठेच लिहू नका, तारीख कोणती यावर भांडणं होतात. ११:५८ला सुरू झालेलं अपलोड १२:०१ला पूर्ण झालं तर ते वेळेत की उशिरा, हे सरांकडून आधी लेखी घ्या.

फाइल पूर्ण आली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधून काढलेला, ती जराही बदलली तर बदलणारा ठसा), आकार आणि वेळ लिहिलेली पोचपावती स्क्रीनवर द्या, ईमेलनेही पाठवा. पुन्हा सबमिट केलं तर जुनी फाइल पुसू नका, नवी आवृत्ती जोडा. विद्यार्थ्याने दिलेलं नाव फक्त दाखवण्यापुरतं. डिस्कवर फाइलला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, आणि ती वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरबाहेर ठेवा. नाहीतर कुणीतरी पीएचपी फाइल चढवून ती चालवून बघेल. ब्राउझरमधल्या पत्त्यातला फाइलचा क्रमांक १०४ बदलून १०५ केला की शेजाऱ्याचं जर्नल उघडतंय का, हे परीक्षकाच्या आधी तुम्ही तपासा.

मार्कांच्या बाबतीत ‘मसुदा’ आणि ‘जाहीर’ या दोन अवस्था वेगळ्या हव्यात. प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद: जुने मार्क, नवे मार्क, कोणी, केव्हा, का. एक्सेलला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) देताना जपून. १६ अंकी पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) तिथे आकडा म्हणून उघडला की शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं. मग शेजारशेजारचे दोन विद्यार्थी एकाच पीआरएनवर दिसतात. म्हणून सरळ एक्सेलची फाइल तयार करा आणि तो रकाना मजकूर म्हणून ठेवा.

आता ऑटोग्रेडर. विद्यार्थ्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर थेट चालवायचा नाही. डॉकरमध्ये (प्रोग्राम बाकी सर्व्हरपासून वेगळा ठेवून चालवणारं साधन) चालवा: नेटवर्क बंद, मेमरी २५६ एमबी, प्रोसेसची संख्या ६४, वेळ १० सेकंद. सी आणि पायथॉनच्या लहान प्रोग्रामांना एवढं पुरतं. विनंत्या रांगेत घाला, नाहीतर शेवटच्या तासात अपलोडही अडकेल. उत्तर जुळवताना ओळीच्या शेवटच्या स्पेस सोडून द्या, दशांशाला थोडी सूट ठेवा. बरोबर प्रोग्रामला शून्य मिळतं ते बहुधा इथेच. कॉपी शोधायला स्टॅनफर्डचं मॉस हे साधन आहे, पण ते फक्त साम्य दाखवतं. त्याच्या टक्क्यांवरून आपोआप मार्क कापू नका.

‘मूडल (कॉलेजांत वापरलं जाणारं तयार मोफत सॉफ्टवेअर) असताना हे कशाला?’ हा प्रश्न व्हायवात (तोंडी परीक्षेत) येणारच. बॅचनिहाय जर्नल आणि टर्मवर्कचा तुमच्या विभागाचा नमुना मूडलमध्ये बसवून बघा. कुठे अडतं ते उत्तरात दाखवा. कुठेच अडलं नाही, तर विषय बदलायला अजून वेळ आहे.

पहिल्या खेपेला एकच विषय, एकच बॅच घ्या आणि त्या आठवड्यात ईमेलने सबमिशनची सोयही चालू ठेवा. त्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून एका विद्यार्थ्याची फाइल उघडा आणि तिचा हॅश पोचपावतीशी जुळवा.

कळावे.